सुलोचनाबाईंच्या पुस्तकाला आहेर

सौंदडच्या सुलोचनाबाईंचं पुस्तक आलं! भाताच्या रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बाया एकमेकींना ज्या गोष्टी सांगतात, त्याच त्यांनी लिहून काढल्या होत्या. त्या गोंदियाच्या ज्या कॉलेजातून बी.ए. झाल्या, तिथे यंदा प्राध्यापकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या नव्या पुस्तकांचं एकत्र प्रकाशन ठरलं. सुलोचनाबाईंचे तर पाय जमिनीवर ठरेनात.

पण कॉलेजच्या चेतना मॅडमनी फोनवर सांगितलं, “ताई, प्रत्येक लेखकाने आपली माणसं आणायची बरं. त्यांच्यासमोर एक पान वाचायचं.” तिथे बाई अडल्या. प्राध्यापकांकडे विद्यार्थ्यांची फौज. आपल्याकडे कोण?

घरधनी चैतराम म्हणजे मुलखाचा अबोल. पुस्तकाची पहिली प्रत हातात दिली, तर “बरं” म्हणून कपाटावर ठेवली आणि गेला बैलांना चारा टाकायला. काय म्हणावं या माणसाला!

“तुमी तरी येसाल ना?” बाईंनी विचारलं.

“पाहू.”

असा राग आला म्हणता! बाई कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच गोंदियाला बहिणीकडे निघून गेल्या.

सकाळी हॉल गजबजला. प्राध्यापकांच्या रांगा भरल्या, फोटो निघू लागले, टाळ्या पडू लागल्या. सुलोचनाबाईंच्या नावाची पाटी लावलेल्या खुर्च्या मात्र ओस. आपलं नाव पुकारूच नये असं बाईंना वाटायला लागलं.

तेवढ्यात दाराशी कालवा झाला. पॅसेंजरमधून उतरलेलं अर्धं सौंदड आत शिरत होतं! पुढे म्हाताऱ्या धुरपताबाई, काखेत नवं लुगडं. मागे कुणाच्या हातात स्टीलचा डबा, कुणाकडे खणाचं कापड, एकाच्या डोक्यावर तर चक्क पाण्याचा पितळी गुंड.

“अवो मॅडम, आहेर कोठी द्यायचा?” धुरपताबाईंनी चेतना मॅडमनाच धरलं.

“आहेर? आजी, हे पुस्तकाचं प्रकाशन आहे.”

“मालूम हाये ना! पण चैतराम घरोघर पिवळे तांदूळ देऊन गेला. पिवळे तांदूळ आले म्हणजे रिकाम्या हातानं कसं येऊ?”

लग्नाचं आवतण देतात तसं! हळदीत तांदूळ भिजवून, दारोदार फिरून, त्या मुक्या माणसाने गाव बोलावला होता. सुलोचनाबाईंना हसावं की रडावं कळेना. धुरपताबाईंनी त्यांना स्टेजवरच कुंकू लावलं, लुगडं ओटीत घातलं. मग रांगच लागली. प्राचार्यांनी हौसेने तो पितळी गुंड धरून ठेवला. खुर्च्या भरल्या, लोक भिंतीला टेकले.

सुलोचनाबाई माइकसमोर आल्या, पान उघडलं, आणि वाचायचं सोडून भरलेल्या खुर्च्यांकडेच बघू लागल्या. हॉल वाट पाहत राहिला. मागून कुणी तरी कुजबुजलं, “जेवन कवा हाये गा?”

दाराजवळ पागोटं सावरत उभा असलेला चैतराम उभ्या जन्मात बोलला नव्हता एवढ्या मोठ्याने ओरडला, “जेवाले नाई आलो, आयकाले आलो! वाच ना व, सुलोचना!”

अख्खा हॉल हसला. बाईही हसल्या, पदराने डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात वाचायला लागल्या.