डिकीतला दुसरा ठोका

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मला ल्हिता येत न्हाई. सही म्हणाल तर अंगठा, त्यो बी कदी उलटा उठतो. मी सांगतोय आन् माजी पोरगी ल्हितेय. भुताखेतावर माजा कदी इश्वास नव्हता... खरं म्हंजी भ्याच इतकं वाटायचं, की इश्वास ठेवायचं धाडस झालं न्हाई! अंधारात वाळत घातलेलं धोतार हाललं तरी त्याला "रामराम पाव्हणं" म्हणणारा गडी मी.

सत्तरच्या पुढचं साल आसंल. खंडाळ्याला एका मुंबैवाल्या शेटच्या बंगल्यावर मी ड्रायव्हर व्हतो. रिव्हर्स घेताना फाटकाचा खांब दोनदा पाडला, तरी शेटनं मला ठिवलं. का, तर मी हसवायचो. शेटला गाण्याचा लय नाद. त्यानं गाडीत रेडिओ बसवला, आन् डिकीत लाकडी पेटी करून तिच्यात ताटाएवढा इस्पीकर. गाणं लागलं की सीटच बुडाला गुदगुल्या करायची.

आठ दिसांनी त्यात भलताच आवाज सुरू झाला. धुबधुब, धुबधुब... जाडा आवाज. कानाला कमी, पाठीच्या कण्याला जास्त. रेडिओ बंद केला तरी चालूच!

शेट म्हणाले, "सोपान, रविवारपर्यंत हा आवाज गेला पाहिजे. नाहीतर तू जाशील."

माजी बायको हौसा पहिलटकरीण, माहेरी उर्स्याला गेलती. नोकरी गेली आस्ती तर बारशाला काय तोंड दाखवणार? गाडी घेऊन लोणावळ्याला उस्मानभाईकडं गेलो. वायरिंगचा पक्का मिस्त्री.

भाई म्हणला, "डायनामोचा आवाज असेल तर एक्सलेटर दाबल्यावर चढेल. दाब." दाबला. चढला न्हाई. इंजन बंद केलं. तरी धुबधुब. एरियल काढली, अर्थची वायर नवी बांधली. तरी तेच. इस्पीकरच्या दोनी वायरी कापल्या. तरी! मंग भाईनं बॅटरीच उचलून फुटपाथवर ठिवली. गाडी म्हंजी नुसता पत्रा राह्यली, आन् पेटीत धुबधुब चालूच. भाईनं इस्पीकरच्या कागदावर तळवा ठेवला आन् झटक्यात मागं घेतला.

"हालतोय रे... सोपान, तू जरा खाली उतर."

मी उतरलो. गप्प झालं.

"बस." बसलो. धुबधुब.

"खिशात काय आहे?" चावी काढली, कडं काढलं, चपला काढल्या, शर्ट, पँट... भर बाजारात मी पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर स्टेरिंग धरून बसलेलो, चिक्कीवाल्याची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसत्यात, आन् आवाज काय थांबंना.

भाई म्हणला, "बिघाड गाडीत नाही. तुझ्यात आहे."

"ह्ये माजा बाप बी सांगायचा," मी म्हणलो. भाई हसला न्हाई. त्यो कान लावून बसलेला.

"एक नाहीत रे. दोन आहेत. नीट ऐक, एकाच्या मागून दुसरा पळतोय."

मी ऐकलं. अंगावर काटा आला तो चड्डीसकट! शेटला मी सांगितलं, पेटीत घुशी हायत, पकडतोय. त्यांनी आजून आठ दिस दिलं.

रविवारी उर्स्याला गेलो. तळेगावच्या दवाखान्याची नर्सबाई आलती. लाकडी नळकांडं हौसाच्या पोटावर ठेवून ऐकत व्हती. मला म्हणली, "ऐकायचं का बापाला?" मी कान लावला आन् मागच्या मागं पाट्यावर पडलो. तोच आवाज. घोडं पळल्यागत... धुबधुब-धुबधुब.

"बाई, दोन हायत का?"

"एकच आहे. का, दोन दोन कडेवर घ्यायची घाई झाली का?" सगळ्या बाया हसल्या. मी बी हसलो. आन् पुना एकदा कान लावून बघितला.

महिना आजून बाकी व्हता. एका दुपारी बंगल्यावर गाडी पुसायला आत बसलो. आवाज आला... पन निराळा. एक पळत व्हता, आन् एक ढिला पडत चाललेला. धुब... धुब... मधी इतकी जागा, की मला वाटलं आता संपलं.

शेट झोपलेले. त्यांना इचारायचं बी सुचलं न्हाई. तिसऱ्यांदा खांब पाडून गाडी भायेर काढली. कामशेत, वडगाव... सारा रस्ता मी डिकीतल्या पेटीशी बोलत व्हतो, "दम धर रं माज्या राजा, आलोच मी, दम धर." ठोका चुकला की माजा पाय एक्सलेटरवर आजून खाली.

हौसाला सकाळपासून कळा लागलेल्या. सासू दारात म्हणली, "अवं, निरोप तर आत्ता धाडलाय, तुमाला कुनी सांगितलं?"

मी तसाच आत घुसलो. तिला उचलून मागं निजवली आन् तळेगाव गाठलं. वाटंत ती कण्हत म्हणली, "अवं, खाली काय वाजतंय?"

"इंजन हाय, इंजन. डोळं मीट."

डॉक्टर म्हणले, नाळ गळ्याभोवती आवळली होती, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. पोरगी झाली. निळी पडलेली, मंग आशी रडली, आशी रडली... ह्येच ती, आत्ता ल्हिणारी. आजून थांबत न्हाई.

मी देवाला हात जोडले आन् हौसाचं गठुडं आणायला गाडीत शिरलो.

धुबधुब. धुबधुब.

एकच. जो पळत व्हता तो. तसाच पळतोय.

मी तसाच धावत नर्सबाईकडं गेलो. "बाई, आत आजून कुनी हाय का?"

"अहो, दुकान आहे का ते? एकच होतं. सगळं साफ बघितलंय मी."

हौसाला मी कदीच बोललो न्हाई. ती गेली तवा बी न्हाई. घरी न्यायला शेटची गाडी मागितली न्हाई, बैलगाडीनं आणली.

शेटनं नोकरीवरनं काढलं न्हाई, पोरीचं ऐकून हातावर पेढाच ठिवला. आवाजाची त्यांनी सवय करून घेतली. मला मातुर सवय झाली न्हाई. घाटात एकटा आसलो की मान ताठ. आरशात मागं बघायचो न्हाई, उगं कुनी बसलेलं दिसलं तर! पोरगी रांगाया लागली, चालाया लागली. त्यो मातुर वाढला न्हाई. तसाच, पोटातल्यागत पळत राह्यला. कदीमधी मी त्याला सांगायचो, तुजी भन आज पडली, आज तिला दात आला. तवा तो जरा जोरात वाजायचा... का मला तसं वाटायचं, देव जाणं.

पुढं शेटनं गाडी इकली. पुण्याकडनं एक गिऱ्हाईक आलं. बसून बघितलं, इंजन चालू करून बघितलं, रेडिओ लावला. खुश झालं. "आवाज एकदम साफ आहे," म्हणलं.

साफच आसणार. मी खाली उभा व्हतो ना.

चावी देताना म्हणलो, जरा आतली धूळ पुसतो. बसलो. धुबधुब, धुबधुब. सीटवर दोनदा थापटलं, पोराला निजवत्यात तसं. मंग उतरलो, आन् त्यो गप झाला.

त्यो कोण, कुटनं आला, उस्मानभाईला बी मरस्तवर उमगलं न्हाई. मला तर काय उमगणार!

आत्ता पोरीनं पेन खाली ठिवलाय. हे तिला बी आजच कळतंय. इचारतेय, "आबा, गाडी कुणाला विकली?"

मला नाव म्हाईत न्हाई, बाय. नंबर बी वाचता आला न्हाई.

ल्हिव तसंच.