मेश्राम काकांनी टिकवलेल्या पेशी

मेश्राम काका परवा गेले. आज त्यांच्या घरून मी मान खाली घालून परत आले.

काका आमच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. डिश धुणं, टॅडपोलना, म्हणजे बेडकाच्या पिल्लांना, खाऊ घालणं, सगळं त्यांच्याकडे. बेडकांची अंडीही तेच आणायचे, अहिवारा गावाकडच्या डबक्यातून, सायकलला डबा बांधून.

माझी पीएचडी टॅडपोलच्या कातडीवर.
कातडीचा तुकडा डिशमध्ये ठेवला की काळ्या रंगपेशी त्यातून बाहेर सरकतात, काचेला चिकटतात.
चिकटल्या तर जगतात.

माझ्या चिकटायच्याच नाहीत. मीडियम, म्हणजे डिशमधलं पोषक द्रव, बदललं की सुटून तरंगायच्या. सात महिने हेच. गाईड म्हणाले, टॉपिक बदल.

एक दिवस काका हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी धार सरळ त्यायच्यावरच सोडून राहिल्या. कडेनं सोडा ना."

समोर ज्युनियर्स उभे होते.
मी म्हणाले, "काका, तुम्ही डिश धुवा."

ते डिश धुवायला गेले.

पुढच्या आठवड्यात, लॅबमध्ये कोणी नाही बघून, मी कडेनं सोडलं. थेंब थेंब.
एकही पेशी सुटली नाही.

मायक्रोस्कोपपाशी बसून रडले. काकांना सांगितलं नाही.

थिसिसमध्ये सगळ्यांचे आभार मानले. कँटीनवाल्याचेसुद्धा. काका राहिले.
खरं सांगायचं तर राहिले नाहीत, मी वगळले. त्यांचं नाव लिहायचं तर कशासाठी, तेही लिहावं लागलं असतं.

व्हायवाच्या दिवशी त्यांनी एक कॉपी मागितली. इंग्रजी येत नव्हतं त्यांना. "माझं नाव असंन ना यात?" त्यांनी विचारलं.
मी हो म्हणाले.

आज कुम्हारीला, काकांच्या घरी, त्यांच्या मुलीनं तीच कॉपी माझ्यापुढे ठेवली. प्लास्टिकचं कव्हर घातलेली.

"बाबा सगळ्याइले सांगत, मॅडमच्या पुस्तकात माझं नाव हाय म्हणून. मी लय शोधलं, मले नाही भेटलं. कोणत्या पानावर हाय?"

"नाहीये," मी म्हणाले. "मी लिहिलंच नाही."

तिनं कॉपी उचलून आत ठेवली, आणि बसायला आलेल्या लोकांना पाणी द्यायला गेली.

वासुदेव मेश्राम.
माझं काम या माणसामुळे झालं. आता लिहून काही उपयोग नाही, माहीत आहे.

जय भीम, काका. हा शेवटचा नमस्कार.