खाऱ्या पाण्याचे पाय

शी! आजही आठवलं की नको वाटतं. सासरहून माहेरी, किनाऱ्यावरच्या झाई गावाला गेले, तर बाबा पडवीत बसून नारळाच्या काथ्याने पाय खाजवत होता. खसाखसा. खाली फरशीवर कातडीचा कोंडा पडलेला, नडगीवर रक्त, आणि त्याच हाताने चहात बटर बुडवून खाणं चाललेलं.

दोन्ही पाय गुडघ्याखाली टम्म. कातडी ताणून चकचकीत, चपलेचा पट्टा आत रुतलेला. ना पुरळ, ना गजकर्ण, तरी खाज. कुठे आपटलं नाही तरी काळेनिळे डाग. आईला विचारलं, तर म्हणते, "खारं पाणी लागलंय. होडीवरच्या माणसाचे पाय असेच." आमच्याकडे सगळ्याचं खापर खाऱ्या पाण्यावर! बाबा गेलं वर्षभर होडीवर चढलाच नव्हता, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि उपाय काय, तर सकाळची ताडी. काका, म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ, रोज उजाडता बाटली भरून आणायचा. "थंड असते, सूज उतरवते, कावीळसुद्धा पळते," असं अख्खी आळी छातीठोक सांगायची. सकाळची औषध म्हणून, मग दुपारची कशाला? तीही बाबा ढोसायचाच. त्याच्या घामाला, उशीला, पांघरुणाला सगळीकडे तो आंबूस वास.

मी त्याला रिक्षात कोंबून डहाणूला नेलं. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून काढला. खड्डा तसाच राहिला, पिकून गेलेल्या चिकूत बोट जावं तसा. मी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट चाचपलं, रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट बघून म्हणाले, "दुखणं पायात नाही, लिव्हरमध्ये आहे. मीठ कमी करा, सुकी मासळी बंद. दारूचा थेंबही नको. सोडलीत तर अजून बरीच वर्षं काढाल." बाबाने अगदी गरीब होऊन मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बाटली घेऊन हजर! "अगं, दारू सोडायला सांगितलीय ना? ही तर ताडी." बाबाचा ग्लास पुढे आलेलाच. माझं डोकंच फिरलं. बाटली हिसकून घेतली आणि अंगणातल्या वाळूत उपडी केली. "भावाला मारायचंय का तुला? असली कसली रे माया तुझी!" मी ओरडले. काका तणतणत निघून गेला.

बाबा मात्र उठला. ते सुजके पाय फरफटत वाळूपर्यंत गेला, खाली बसला, ओली वाळू मुठीत घेऊन नाकाला लावली आणि ढसाढसा रडायला लागला. डॉक्टरांसमोर डोळ्यात टिपूस नव्हतं. मरणाला नाही घाबरला हा, रडला तो सांडलेल्या ताडीसाठी. नाकातून शेंबूड, दाढीला वाळू. मला इतकी किळस आली, की वाटलं, आणून द्यावी याला एक बाटली आणि सुटावं एकदाचं.

मग पदराने त्याचं तोंड पुसलं.