सरांच्या सुया

ड्रेसिंग रूममध्ये किस्से कसे साठतात, ते मला विचारा! जखम धुताना पेशंट जखमेकडे बघत नाही. भिंतीकडे बघतो, पंख्याकडे बघतो आणि बोलायला लागतो. रत्नागिरीतल्या एका सर्जनकडे मी वीसेक वर्षं सिस्टर आहे. हात बँडेजवर आणि कान पेशंटकडे, अशी सवयच होऊन गेलीय. एरवीचे किस्से घरी सांगून सगळ्यांना हसवते. हे सांगताना मात्र हसू मध्येच अडकतं. यात आमचे सर आहेत.

सर म्हणजे आमच्या शाळेतले गणिताचे सर. रिटायर झाल्यावर त्यांनी मुंबईला जाऊन अॅक्युपंक्चरचा कोर्स केला आणि घराच्या पडवीत लोकांना सुया टोचायला लागले. तेही फुकट. निम्मी रत्नागिरी त्यांच्या हाताखालून गेलेली. सर म्हणाले, "हात पुढे कर," की पन्नाशीच्या माणसाचा हातसुद्धा आपोआप पुढे यायचा!

* * *

पहिले आले मालगुंडचे बापू. आंबा-बागायतदार. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला, चार ठिकाणी पू. चेहरा मात्र एकदम खूश.

"दुखतंय का हो बापू?"

"दुखणारच! आतली घाण बाहेर पडतेय. सर म्हणाले, गुण येतोय."

डॉक्टरांनी चीर दिली, तर वाटीभर पू निघाला. बापू ट्रेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बघा सिस्टर! केवढा गुण होता!"

ते गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. एखाद्याला होतं असं, म्हणालो आणि विसरलो.

* * *

मग आला एसटीचा एक ड्रायव्हर. शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होता. कंबरेवर सहा गळवं, बसता येईना. "उभ्याने गाडी कशी चालवू गो?" म्हणून रडकुंडीला आलेला.

डॉक्टरांनी विचारलं, "काही टोचून घेतलंत?"

"नाय ओ. डास चावले."

डॉक्टर वाकून बघत बसले. मणक्याच्या या बाजूला तीन, त्या बाजूला तीन. मधलं अंतर अगदी समान.

"इतक्या शिस्तीचे डास! यांना शाळेत शिकवलं कोणी?"

ड्रायव्हरने मान खाली घातली. "सरांनीच."

सरांचं नाव पुढे येऊ नये, म्हणून बिचारा डासांवर ढकलत होता! या वेळी मला हसू आलं नाही.

* * *

मी डॉक्टरांना म्हटलं, सरांना मीच सांगते. रविवारी सकाळी गेले. सर पडवीतच होते. त्यांनी कौतुकाने सुयांचा स्टीलचा डबा उघडून दाखवला.

"सर, या उकळता ना?"

"पहिल्यांदा उकळायचो. धार जाते गं. आता औषधाच्या पाण्यात ठेवतो. पाणी कमी झालं की विहिरीचं घालतो थोडं."

एक सुई एकदाच वापरायची, मग फेकायची, हे आमच्याकडची नवी पोरगीसुद्धा पहिल्या दिवशी शिकते. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर सर होते. गणितात मी दोनदा नापास झाले, तेव्हा शाळा सुटल्यावर थांबून मला शिकवणारे.

"अशी अवघडून का बसलीस? मान दुखतेय? थांब."

सांगायला गेले होते, आणि मानेत तीन सुया घेऊन बसले!

मला काहीच झालं नाही. तेच वाईट झालं. झालं असतं तर निदान बोलले असते.

* * *

त्यानंतर दोन महिन्यांनी देवरूखच्या सुनंदाताई आल्या. सरांनी सुया टोचलेल्या उजव्या खांद्यावर गाठी. एक बसली की दुसरी फुटायची. नेहमीच्या औषधांना दाद देईनात. शेवटी तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी नीट समजावलं, "टीबीच्या जातीतले जंतू आहेत, पण टीबी नाही. हे पाण्यात असतात. तुमचं दुसऱ्याला लागणार नाही. औषध मात्र सहा महिने."

बाहेर त्यांच्या जाऊबाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय निघालं?" मी घाईत होते. म्हटलं, "टीबीच्या जातीतलं आहे."

देवरूखला पोचेपर्यंत जात वाटेतच गळाली. घरी पोचला नुसता टीबी!

सुनंदाताईंचा कप वेगळा झाला, अंथरूण वेगळं झालं. कळल्यावर मी फोन केला, डॉक्टरांनीही केला. जाऊबाई "हो हो" म्हणाल्या. कप वेगळाच राहिला.

एकदा ड्रेसिंग करताना सुनंदाताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "औषध कडू नाय लागत ओ सिस्टर. पण नात मांडीवर येत नाय."

त्या रविवारी मी एक वाक्य बोलले असते, तर ही बाई माझ्या टेबलावर आलीच नसती.

* * *

रिपोर्टच्या दिवशीच डॉक्टरांनी सरांना बोलावून घेतलं होतं. सर केबिनमधून बाहेर आले ते एकदम म्हातारे होऊन. मी तेव्हा त्यांना सांगून टाकलं, "सर, मला माहीत होतं."

ते म्हणाले, "मग बोलली का नाहीस गं?" एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

पडवी त्याच दिवशी बंद झाली. मग सर एकेकाच्या घरी माफी मागायला निघाले. बापूंनी त्यांना वाकूच दिलं नाही. ड्रायव्हर म्हणे स्वतःच रडला.

सुनंदाताईंकडे जायला त्यांना सहा महिने धीर झाला नाही. औषधं संपल्याचं माझ्याकडून कळलं, तेव्हा एसटीने देवरूखला गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

सुनंदाताईंनी चहा केला. सरांनी कपाला हात लावला नाही, उभे राहून हात जोडले. "सुनंदाताई, चूक माझी आहे. तुमचं सगळं वर्ष मी नासवलं."

सुनंदाताईंनी खांद्यावरच्या वणांवर पदर ओढला. मग हळूच म्हणाल्या,

"सर, आता डावा खांदा दुखतोय. सुया आणल्यात?"