मुदीरच्या आवाजातलं खलास

सौदीत नोकरी केलेला पोरगा आठवणी सांगायला बसला म्हणजे आता उंट येणार, असं तुम्हाला वाटत असेल. मग वाळूचं वादळ, घामाच्या धारा, आणि शेवटी आईच्या हातच्या जेवणाची आठवण येऊन डोळ्यांत पाणी. थांबा जरा. उंट मी अजून हायवेच्या कुंपणापलीकडेच बघितलाय, आणि जेवण मेसचं बरं होतं. सौदीत पहिल्या महिन्यात मला झाली ती सर्दी. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय, आणि मी आत जाड जाकीट, कानटोपी, हातमोजे घालून फावड्याने बर्फ ओढतोय. आईला व्हिडिओ कॉल केला तर ती म्हणाली, एजंटने फसवून काश्मीरला पाठवलं का रे तुला?

जुबैलजवळच्या एका मॉलमध्ये आमचा बर्फाचा हॉल होता. आत मोठा उतार, त्यावर मशीनने पाडलेला खरा बर्फ. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या, सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. याला स्कीइंग म्हणतात हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात सगळेच फुकट घसरतात. मी वरच्या टोकाचा ऑपरेटर. पट्टा चालू करायचा, बंद करायचा आणि पडलेल्यांना उचलायचं.

खाली भिंतीमागे प्लांट रूम, म्हणजे हॉल थंड ठेवणारी सगळी मशिनरी. तिथले सुपरवायझर म्हणजे आमचे चाचा. दापोलीकडचे, समुद्रकाठचे. मला इंटरव्ह्यूत पास त्यांनीच केलं, कारण मी कोकणातल्यासारखं 'येवा' म्हणालो. धंदा मला त्यांनीच समजावला. म्हणाले, मुदीर दाखवतो बर्फ आणि विकतो मोजे. मुदीर म्हणजे मालक, सगळे त्याला तेच म्हणायचे. आणि खरंच, बहुतेक लोक स्की करायला यायचेच नाहीत. यायचे, कुडकुडायचे, फोटो काढायचे आणि पळायचे. पण तेवढ्यासाठी जाकिटाचं भाडं, मोजे विकत, बाहेर पडल्यावर गरम चॉकलेट. पैसा तिथं होता. आणि जो यायचा तो विजेच्या बिलात जायचा. बिल आलं की मुदीर दोन-तीन दिवस कुणाकडे बघायचासुद्धा नाही.

तरी त्याला वाढवायचं होतं. दुसऱ्या शहरातला एक बुडीत निघालेला हॉल त्याने आधीच घेतला होता. आता मॉलच्या मागच्या प्लॉटवर लांब उतार करायचा, वर जायला तारेवरच्या खुर्च्या लावायच्या, असं चाललं होतं. त्यासाठी बँकेचं कर्ज. त्याचं म्हणणं, उतार छोटा म्हणून लोक फोटो काढून जातात, मोठा केला तर स्कीवाले येतील, वर्षाचे पास काढतील.

चाचांचं सगळं या लांब उतारावर टांगलेलं होतं. मुदीरने त्यांना शब्द दिला होता, कर्ज मंजूर झालं की तुला दोन्हीकडचा मॅनेजर करतो, इकाम्यावरचा हुद्दा बदलून देतो. आता हे नीट समजून घ्या. सौदीत राहण्याचं कार्ड म्हणजे इकामा, आणि त्यावर हुद्दा साधा असेल तर बायकोमुलांना आणता येत नाही. चाचा इतकी वर्षं कामगारांच्या कॅम्पात पत्र्याच्या खोलीत एकटे. चाची आणि मुलगी दापोलीकडे. चाचीने नवी बॅग घेऊन ठेवली होती आणि रोज फोनवर विचारायची, बँकवाला कवा येतोय?

ती कसं विचारते ते मी करून दाखवायचो, ते चाचांना फार आवडायचं. कारण मला नकला येतात. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करून मी पाचवी ते सातवी अर्धी शाळा घरी पाठवली होती. हॉलमध्ये माझं गिऱ्हाईक मुदीर. बोलण्याआधी तो घसा असा खाकरायचा, जसं काही उंटाने— बघा, आलाच शेवटी. वॉकीटॉकीवर मी मुदीर होऊन मोज्यांच्या काउंटरवरच्या नेपाळी पोराला उभं करायचो, बसवायचो. चाचा सांगायचे, खोलीत काय ती नाटकं कर, रेडिओवर नको.

आणि एक शब्द. खलास. आपल्याकडे खलास म्हणजे मेला, संपला. तिकडे खलास म्हणजे झालं, ठरलं, पुरे. मला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मुदीर फोनवर पडेल आवाजात "बाबा, खलास, खलास" म्हणाला, आणि मी अख्ख्या स्टाफला सांगितलं की याचे वडील गेले. सगळे टोप्या काढून रांगेत उभे. दुपारी वडील स्वतः नातवाला घेऊन बर्फ बघायला आले.

बँकवाला आला तो दिवस शाळेच्या सहलीचा होता, म्हणजे मुदीरनेच तसा ठरवला होता, हॉल भरलेला दिसावा म्हणून. एक अडचण होती. थंड हवा फेकणाऱ्या कॉइलवर बर्फ चढतो. तो उतरवायला ठरलेल्या वेळी पंखे बंद करून कॉइल गरम करावी लागते. त्याला डिफ्रॉस्ट म्हणतात. तेव्हा वरून वाफ निघते, पाणी ठिबकतं, दिसायला वाईट. मुदीरने हुकूम सोडला, माणूस हॉलमध्ये असेपर्यंत पंखे थांबता कामा नयेत. तो गेला की मी रेडिओवर 'खलास' म्हणेन, मग करा काय ते.

बँकवाला तरुण होता. मला वाटलं होतं, पांढऱ्या तोबमधला, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातला गंभीर माणूस येईल, एक चक्कर मारेल, अरबी कॉफीचा कप पिऊन जाईल. हा आला, तोबवरच जाकीट घातलं, स्की मागितल्या आणि थेट वर माझ्याशेजारी. युरोपात शिकलेला म्हणे. असा सुंदर घसरत गेला की सहलीची पोरं बघत राहिली. परत वर आला. परत गेला. निघायचं नावच घेईना.

तिकडे कानात चाचा. गेला काय रे तो? मी हळूच मराठीत, नाय चाचा, घसरतोय. थोड्या वेळाने परत, अरे कॉइल पांढरीफेक झालीये. मला वरूनही कळत होतं. पंख्यांचा आवाज रोजचा नव्हता, दम लागल्यासारखा. बर्फ पाडणारी तोफ पिठाची भुकटी उडवावी तशी थुंकत होती. खाली मुदीर हसत उभा, पण एक हात खिशातून काढत नव्हता. तिसऱ्यांदा चाचा बोलले तेव्हा आवाज उतरला होता. कॉम्प्रेसर आता जातोय म्हणाले, आणि तो गेला तर कर्ज कसलं आणि काय.

तेवढ्यात खाली बँकवाल्याने स्की काढल्या. मुदीरशी हात मिळवला, दोघं हसले, मुदीरने छातीवर हात ठेवला. मी वरून एवढंच बघितलं आणि मला वाटलं, झालं. कर्ज झालं. आणि मला असं वाटलं की ही बातमी चाचांना माझ्या फाटक्या आवाजात काय द्यायची, तोलामोलाच्या आवाजात द्यावी. बटण दाबलं, घसा खाकरला आणि मुदीर झालो.

"खलास. खलास, या हबीबी. मबरूक."

पंखे थांबले. हॉल एकदम इतका शांत झाला की पोरांचे दात वाजताना ऐकू यायला लागले. वरच्या कॉइलमधून वाफेचे ढग निघाले, एक ओला गोळा उतारावर फतकन पडला. बँकवाल्याने वर बघितलं. मग मुदीरने वर बघितलं, छताकडे नाही, माझ्याकडे. नंतर कळलं, तो हात मिळवणं कर्जाचं नव्हतंच. बँकवाला फक्त म्हणाला होता, उतार आवडला, आता तुमची मशिनरी बघू.

मुदीरने मला बोटाने खाली बोलावलं. प्लांट रूमच्या दारात मी मुदीर आणि बँकवाल्याच्या मागे पोचलो तेव्हा चाचा फोन खिशात ठेवत होते. चेहरा असा की त्या माणसाला मी इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. दोन्ही हात पुढे करून बँकवाल्याकडे गेले, मबरूक, शुक्रान, आणि परत शुक्रान. बँकवाल्याने हात दिला आणि विचारलं, अभिनंदन कशाचं? चाचा म्हणाले, मुदीरनी रेडिओवर सांगितलं ना. मुदीर म्हणाला, मी रेडिओला हात लावला नाही.

मग तिघांनीही माझ्या छातीवर लटकलेल्या वॉकीटॉकीकडे बघितलं.

बँकवाल्याने मला ते परत म्हणायला लावलं. मी म्हटलं, खाकरण्यासकट. तो हसला. मुदीर हसला नाही. चाचांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी तिथल्या पाइपाकडे बघत बसलो. त्याच्यावर मुठीएवढा बर्फ चढला होता.

आणि बँकवालाही तिकडेच बघत होता. त्याने सरळ विचारलं, नवीन उतारासाठी नवा प्लांट कागदात दिसला नाही, म्हणजे हाच प्लांट दोन्ही उतार चालवणार का? प्रश्न त्याने चाचांना विचारला. चाचांनी 'हो' म्हटलं की हुद्दा, इकामा, चाची, सगळं होणार होतं. त्यांनी खिशात हात घातला. रुमाल काढला, हात पुसले, कोरडे होते तरी पुसले. कॉइलमधलं पाणी तेवढं ठिबकत होतं.

शेवटी मुदीरच टूलबॉक्सवर बसला. म्हणाला, नाही चालवणार. नव्या प्लांटचा खर्च धरला असता तर कागदावर धंदा जमतच नव्हता, म्हणून धरला नाही.

बँकवाला रागावला नाही. खर्च धरून परत मांडा, आधी मशीन मग उतार, पुढच्या सीझनला बघू, एवढं बोलून त्याने जाकीट काढून माझ्या हातात दिलं. जाता जाता मोज्यांच्या काउंटरवर मात्र बराच वेळ थांबला.

मुदीरने माझा रेडिओ काढून घेतला आणि मला त्याच काउंटरवर टाकलं. म्हणाला, आवाज चांगला आहे, मोजे विक. कामावरून काढलं नाही, ते चाचांनी हात जोडले म्हणून. हे मला नेपाळी पोराने सांगितलं. चाचा माझ्याशी बोलतच नव्हते.

कॅम्पात आलो तर चाचा खाटेवर बसलेले आणि बाजूला फोन वाजतोय. थांबला, परत वाजला. मग मला समजलं की माझं खलास ऐकून त्यांनी पहिला फोन कुणाला केला होता. झालं, बॅग भर, असं सांगून टाकलं होतं. चाचीने बॅग भरली होती, शेजारी शिरखुर्मा वाटला होता, मुलीच्या शाळेत जाऊन दाखल्याचं विचारून आली होती. चाचांनी फोन माझ्याकडे सरकवला. म्हणाले, तूच सांग, तुला आवाज चांगले येतात.

मी सांगितलं. माझ्याच आवाजात. चाचीने शेवटपर्यंत ऐकलं. मग सुरू झाली.

"मेल्या, तुझ्या जिभेला काय हाड हाय काय नाय? माझी नक्कल करतोस, ती मी ऐकली, हसले, काय बोलले नाय. पन खलास? आमच्याकडं खलास कशाला म्हणतात ठाऊक नाय तुला? आरं, शेजारी मुबारक म्हणून गेली सगळी. आता त्यांना काय सांगू, बर्फ वितळला? आणि चाचाने जेवण केलंन का, ते बघितलंस? नाय ना? मग आधी त्याला जेवायला घाल, आणि त्या मालकाच्या आवाजात नको घालू. बॅग मी भरलीये, ती आता उपसायची नाय, सांगून ठेवते. खाटेखाली राहील ती तशीच. पुढल्या वेळी झालं की फोन तुझ्याच आवाजात करायचा. आणि कागद हातात आल्याबिगर केलास ना, तर तुझ्या आयशीचा नंबर हाय माझ्याकडं."