सोमवारचा बाप

सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, म्हणून फर्दापूरच्या हॉटेलात काउंटर सांभाळणाऱ्या मलाही सोमवारीच सुट्टी. पहिल्या एसटीनं मी संभाजीनगरला घरी यायचो आणि मंगळवारी सकाळी परत. आठ महिन्यांची माझी मुलगी मला दारात पाहिलं की भोकाड पसरायची. रोज येणाऱ्या दूधवाल्याकडे ती हसत झेपावायची. बापाला बघून मात्र घर डोक्यावर घ्यायची.

मला फार लागायचं. मी तापट माणूस, पण एवढ्याशा जिवावर तापणार कसा? मग लाच सुरू केली. शहागंजातून खुळखुळा आणला, चावीचं माकड आणलं, शेवटी तिच्याहून मोठं अस्वल आणलं. अस्वलाला तिनं आठवड्याभरात जवळ केलं. मला नाही.

एका सोमवारी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तिचे बाप, हे तिला काय माहीत? भूक लागली की कोण उठतं, ओलं झालं की कोण बदलतं, तेवढंच तिला कळतंय. आज सगळं तुम्हीच करा. मी हात लावणार नाय." आणि खरंच ती शेजारणीकडे जाऊन बसली.

त्या दिवशी वरणभात मुलीच्या पोटापेक्षा माझ्या शर्टालाच जास्त मिळाला. लंगोट दोनदा सुटला. ती रडली की लगेच उचलायचं, एवढं एकच मी धरून ठेवलं. अंगाईगीत येत नव्हतं, म्हणून हॉटेलातल्या जेवणाची यादीच चालीवर म्हणायचो. शेवभाजी, पिठलं, ज्वारीची भाकरी... ती गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

असे तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी ती माझ्या खांद्यावर झोपली. हात अवघडला, तरी मी तासभर हललो नाही. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन मी चपला घालत होतो. आईच्या कडेवरून तिनं बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात पुढे केले आणि मी पाठ फिरवताच रडायला लागली. इतके दिवस ती मी आलो म्हणून रडायची.

"जावा आता, एसटी चुकंल," बायको म्हणाली.

मी बॅग खाली ठेवली, मुलीला घेतलं आणि मालकाला फोन लावला. "आज उशीर होईल," म्हटलं, "मुलगी सोडत नाहीये."

फोन ठेवल्यावर तेच वाक्य मी बायकोलाही एकदा म्हणून दाखवलं.