समोरून तपासलेले कान

दिनांक ९ जानेवारी २०२४, मंगळवार. पालम येथे भरलेल्या एका मोफत आरोग्य शिबिरात सरजाबाई दत्तराव खिल्लारे, वय एकसष्ट, यांच्या कागदावर ‘दोन्ही कानांचे श्रवण सामान्य’ असा शेरा मारण्यात आला. तपासणी दीड मिनिट चालली. तीत एकही यंत्र वापरले गेले नाही. मी तेथे हजर होतो, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे. आणि मी ते थांबवू शकलो नाही, म्हणून ते माझे कर्तव्यही आहे.

सरजाबाई या माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. पालमजवळच्या आमच्या गावातील पिठाची गिरणी त्यांनी बावीस वर्षे भावाच्या जोडीने आणि तो गेल्यावर एकोणीस वर्षे एकटीने चालवली. झिजलेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावणे, पट्टा ओढून बसवणे, ज्वारीचे पीठ चिमटीत धरून जाड-बारीक ठरवणे, ही सर्व कामे त्या स्वतः करत. गिरणीची चाल बिघडली तर ती त्यांना चौकटीवर ठेवलेल्या तळहाताला कळे. गिरणीत तसेही कोणी कोणाचे ऐकत नाही. बाया ओठ हलवतात, बोटे दाखवतात आणि काम होते. एक्केचाळीस वर्षांच्या त्या घरघराटात वहिनींचे कान हळूहळू निकामी झाले आणि त्यांचे काम डोळ्यांनी बिनबोभाट अंगावर घेतले. गल्लीपलीकडे दोघी काय पुटपुटतात हे त्या ओठांवरून वाचत. त्यामुळे गावात त्यांची ख्याती झाली ती नेमकी उलटी.

“सरजाबाईपुढं सासूची चुगली करू नका गं,” शेजारच्या कुसुमबाई दळणाचा डबा उतरवताना म्हणत. “तिला कान न्हाईत, सुपं हायेत.”

“तुजी सासूच सांगून जातीय मला समदं,” वहिनी म्हणत. “सुपं कशाला लागतेत?”

आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांना स्वतःलाही कळले नव्हते. लोकच अलीकडे हळू बोलू लागले आहेत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

फोनवर मात्र ओठ दिसत नाहीत. त्यांचा मुलगा धम्मपाल पुण्यात नोकरीला आहे. त्याचा फोन आला की वहिनी एकट्याच बोलत सुटत: कापसाचा भाव, कोणाची सोयरीक, कोण वारले. त्याने आपले आजारपण सांगावे आणि त्यांनी हसावे, असेही झाले. वर्षभरात धम्मपालने स्वतःच निदान केले: आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, गिरणी विकून तिला पुण्याला आणावे.

मलाही ते पटू लागले होते. शिबिराच्या आठवडाभर आधी त्या रस्त्याने माझ्या पुढे चालल्या होत्या. मी तीनदा हाक मारली. मागून एसटी भोंगा वाजवत आली, तरी त्या बाजूला सरल्या नाहीत. दंड धरून ओढले तेव्हा म्हणाल्या, “हळू की, भावजी! हाक तरी मारायची.”

दोष कानांत आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि मी त्यांना शिबिरात नेले. कान बिघडले आहेत असे लिहून मिळाले असते, तर डोके शाबूत आहे हे आपोआप सिद्ध झाले असते. गिरणी राहते की जाते, हे त्या एका ओळीवर अवलंबून होते.

तरुण डॉक्टर हातभर अंतरावर, अगदी समोर बसले होते.

“मावशी, मुलं किती?”

“एक पोरगं. पुण्याला असतंय.”

“जेवलात का?”

“भाकर बांधून आणलीय. तुमी खाता का? सकाळधरनं बसलाव.”

रांगेतले सगळे हसले. डॉक्टरही हसले. “यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.”

मी माझ्या शिक्षकी आवाजात म्हणालो, “साहेब, एकदा त्यांच्या मागे उभे राहून विचारा.”

“सर, तुम्ही शाळेत कोणता विषय शिकवता?”

“इतिहास.”

“मग मी येतो का तुमच्या वर्गात इतिहास शिकवायला?”

शेरा लिहिला गेला. पुढचा माणूस आत आला.

धम्मपालने कागदाचा फोटो मागवून घेतला. “काका, कान चांगले आहेत असं डॉक्टरांनीच लिहिलंय. मग बिघाड कुठं आहे, ते उघडच झालं.” वहिनींना वाचवण्यासाठी मी जो कागद आणला, तोच त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला.

मार्चमध्ये गिरणी विकत घ्यायला शेजारच्या गावचे भुजंग नावाचे गिऱ्हाईक आले. धम्मपाल गिरणीच्या मोटारीशी वाकून, आईकडे पाठ करून उभा होता. त्याने विचारले, “आई, देऊन टाकू ना? तुझं काय म्हणणं आहे?” वहिनी उत्तरल्या नाहीत. त्याने पुन्हा विचारले. त्या जात्याच्या दगडावरचे पीठ फडक्याने पुसत राहिल्या.

“बघा, काका,” तो म्हणाला.

“समोर ये आणि विचार,” मी म्हणालो.

“किती वेळा विचारू?” त्याचे डोळे भरले होते. तो दुष्ट नव्हता; ही गोष्ट मी त्याच्या बाजूने नोंदवतो. गिरणी विकली गेली, सरजाबाईंचे डोके फिरले हे गावभर झाले, आणि धम्मपाल त्यांना पुण्याला घेऊन गेला.

पुण्यात, मे महिन्यात सून संघप्रिया खोकल्याने आजारी पडली आणि घरात मास्क लावून वावरू लागली. तीन दिवस सासूबाई गप्प. मास्क निघाला आणि त्या पुन्हा बोलू लागल्या. जे शिबिराला कळले नाही ते तिला कळले. तिने त्यांना कानाच्या दवाखान्यात नेऊन, बंद खोलीत, कानांवर हेडफोन लावून तपासून घेतले. निकाल स्पष्ट होता: दोन्ही कानांना तीव्र बहिरेपणा, वर्षानुवर्षांच्या गोंगाटातून आलेला. बुद्धीला काहीही झालेले नव्हते.

दोन्ही कानांना, मापे घेऊन, यंत्रे बसवली. पहिल्याच दिवशी वहिनींनी ती काढून ठेवली; म्हणाल्या, “समदीकडं भांडी आपटायलेत.” संघप्रियाने रोज अर्धा तास तोंडापुढे वही धरून त्यांच्याशी बोलायचे, असे दोन महिने केले. डोळ्यांनी उचललेले काम कानांना परत देणे सोपे नसते. वहिनी चिडत, रडत, पण त्यांनी ते केले. ऑगस्टमध्ये धम्मपालने दुसऱ्या खोलीतून फोन लावला आणि त्या म्हणाल्या, “सावकाश बोल. ऐकायलेय मी.” मग तो एकेक शब्द सुटा करून बोलला, असे संघप्रियाने मला सांगितले.

ऑक्टोबरमध्ये वहिनी गावी परतल्या. भुजंगने गिरणी परत देण्यास नकार दिला. त्याच्याकडे ती चालू लागली होती. धम्मपाल म्हणाला, “आई, नवी घेऊ.”

“नवी घेशील रे. पर वेड्या बाईकडं दळण कोण टाकील? आधी गावाला सांग, माजं डोकं जाग्यावर हाय म्हनून.”

तो घरोघर गेला. लोकांनी मान डोलावली, नवी गिरणीही बसली. तरीही आज कुसुमबाईसुद्धा त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात, आणि दळण दुसऱ्या गावाला नेतात. कागदावरचा शेरा मी अर्ज करून रद्द करून घेतला. गावाने मारलेला शेरा रद्द करण्याचा अर्ज कोठे करावा, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

वाचकांकडे माझी मागणी एवढीच आहे. आपल्या घरातील वयस्कर माणसाच्या पाठीमागे चार हातांवर उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात त्याचे नाव घ्या. ते माणूस वळले नाही, तर बंद खोलीत, यंत्राने, दोन्ही कानांची तपासणी करून घ्या, आणि तसे न करता लिहिलेला कोणताही शेरा स्वीकारू नका. ती तपासणी होईपर्यंत त्या माणसाला वेडे म्हणू नका, आणि त्याचे काहीही विकू नका.